उंचावलेली जीप आणि तिचे धक्काशोषक

पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेला आदिलाबादचा मुलूख म्हणजे काळ्या मातीची शिवारे, सागवानी जंगले आणि डोंगरांच्या रांगा यांचा प्रदेश होय. येथील आडवाटांवर पूर्वापार बैलगाडी चालत आली. तिला कमानी नसतात. परंतु बैलाची चालच संथ असल्यामुळे त्यावाचून फारसे अडत नाही. पुढे मोटारीचा वेग आला आणि खड्ड्याचा धक्का ही साधी बाब राहिली नाही.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेत विलीस जीप मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने तिची जुळणी सुरू केली. त्यानंतरची कित्येक वर्षे डोंगराळ खेड्यांचा मोठा आधार जीपच होती. अशा जुन्या गाड्या आज हौसेने दुरुस्त केल्या जातात, आणि दगडधोंड्यांवरून पोट घासू नये म्हणून त्यांची उंचीही वाढविली जाते. त्या वेळी धक्काशोषक, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, कोणता निवडावा, हा प्रश्न उभा राहतो. कित्येकांचा असा समज असतो की, जो महाग आणि जो कडक तोच उत्तम. हा समज कसा चुकीचा आहे, हे पाहावयाचे आहे.

प्रथम धक्काशोषकाचे कार्य ध्यानात घेतले पाहिजे. गाडीचा भार तो उचलीत नाही. ते काम पाट्यांच्या कमानींचे. खड्ड्याचा धक्का प्रथम सोसतात त्याही कमानीच. परंतु दाबलेली कमान सुटली की माजघरातल्या झोपाळ्याप्रमाणे ती वरखाली हेलकावत राहते. हे हेलकावे शमविणे, एवढेच धक्काशोषकाचे काम. त्याच्या नळीत तेल असते आणि त्या तेलातून बारीक छिद्रे असलेला दट्ट्या सरकतो. तेल त्या छिद्रांतून बळाने जाताना गतीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. म्हणूनच खडबडीत रस्ता चालून आलेल्या गाडीची ही नळी हाताला गरम लागते.

विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज पाहता येईल. स्प्रिंगला वजन टांगून ते खाली ओढा आणि सोडा. ते बराच वेळ नाचत राहील. आता तेच वजन पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून पुन्हा सोडा. ते लवकर स्थिरावेल. पाण्याऐवजी काकवी घेतली, तर वजन इतके सावकाश वर येईल की, तेवढ्या अवधीत दुसरा धक्का येऊन ठेपेल. मंद शमन जसे वाईट, तसेच अतिशमनही वाईट. अति कडक धक्काशोषकामुळे दबलेले चाक पुढच्या खड्ड्यात वेळेवर उतरत नाही, अधांतरी राहते. आणि अधांतरी चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? ज्याचा जमिनीशी स्पर्श आहे, तेच चाक वळते आणि तेच थांबते. सारांश, धक्काशोषक हे केवळ सुखाचे साधन नसून चाक जमिनीला धरून ठेवणारे साधन आहे.

आता उंचीचा विचार करू. समजा, सपाट जागी उभ्या असलेल्या जीपच्या धक्काशोषकाच्या वरच्या व खालच्या खिळीमधील अंतर ३५ सेंटिमीटर आहे. तो पूर्ण मिटला असता २८ आणि पूर्ण ताणला असता ४३ सेंटिमीटर होतो. मालकाने अधिक वाकाच्या कमानी बसवून गाडी ८ सेंटिमीटर उंच केली. आता अंतर झाले ४३. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच धक्काशोषक पुरता ताणला गेला. चाक खड्ड्यात उतरू पाहते, परंतु नळी त्याला उतरू देत नाही. सारा हिसका खिळीवर येतो आणि अखेर खिळी तुटते किंवा दांडा उखडतो.

म्हणून नवा धक्काशोषक आणण्यापूर्वी मोजमापे घ्यावीत. पहिले माप गाडी सपाट जागी नेहमीच्या भारासह उभी असताना घ्यावे. दुसरे, चाक इतके वर उचलून की आस रबरी ठोकळ्याला टेकेल. तिसरे, चाक पूर्ण लोंबकळत असताना. मोजताना गाडीखाली भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकवर विसंबून तिच्याखाली कधीही शिरू नये.

वरच्याच गाडीत ठोकळ्याला टेकताना अंतर ३० आणि लोंबकळताना ५१ आले असे धरू. दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर मोकळीक ठेवली, तर मिटून २८ आणि ताणून ५३ होणारी नळी हवी. म्हणजे २५ सेंटिमीटरांची धाव. परंतु २८ सेंटिमीटरांच्या नळीत २५ सेंटिमीटर धाव कशी मावणार? दट्ट्या, झाकण आणि दोन्ही टोकांच्या कड्या यांनाही जागा लागतेच. येथे उपाय असा की, रबरी ठोकळा ६ सेंटिमीटर खाली आणावा. मग किमान अंतर ३६ होते, आणि मिटून ३४ व ताणून ५३ अशी १९ सेंटिमीटर धावेची नळी पुरते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गाडीचे आकडे तिच्यावरच मोजले पाहिजेत. तत्त्व मात्र एकच: चाकाला वर ठोकळ्याने थांबवावे, खाली कमानीने किंवा पट्ट्याने; धक्काशोषकाने कधीही नव्हे.

नळीचा कलही महत्त्वाचा. ती उभी असेल तर तिचे पूर्ण बळ चाकाला मिळते; ऊर्ध्वरेषेशी ३०° कलली तर सुमारे तीन चतुर्थांश, आणि ४५° कलली तर निम्मेच. कारण कलामुळे वेग आणि बळ दोन्ही कोज्येच्या प्रमाणात घटतात. येथे कोज्येचा वर्ग येतो. गणितातील त्रिकोणमिती गॅरेजातही उपयोगी पडते ती अशी.

सतत खडबडीत वाटेने जावयाचे असेल, तर वायुयुक्त नळीचा विचार करावा. साध्या नळीतले तेल वेगाने घुसळले गेले की त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो आणि शमन मंदावते. दाबाखालील नायट्रोजन वायू हा फेस रोखतो. बाजारात निवड पुष्कळ आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या कंपन्या आपल्याच देशात धक्काशोषक बनवितात. परंतु नाव पाहण्याआधी माप पाहावे, आणि गाडीचे वजन व कमानींचा ताठरपणा यांना साजेसे शमन मागावे.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. विलीस जीपच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर अवघे ८० इंच, आणि डावी-उजवी चाके साधारण चार फुटांवर. अशी गाडी जितकी उंच करावी तितका तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती कलंडण्याची भीती वाढते. हा दोष कोणताही धक्काशोषक दूर करू शकत नाही. उंचीबरोबर ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात का, हेही तपासले पाहिजे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीतील बदलांवर मर्यादा घातल्या आहेत; त्यांची माहिती परिवहन कार्यालयात आधीच करून घ्यावी.

केरामेरीचा घाट उतरणाऱ्या गाडीत हौशी मालक असेल, बाजारहाटाला निघालेली माणसे असतील, किंवा दवाखान्याकडे नेला जाणारा एखादा रुग्ण असेल. त्या सर्वांचा जीव चार चाकांच्या तळहाताएवढ्या स्पर्शावर अवलंबून असतो. तो स्पर्श टिकविण्यास भारी किमतीपेक्षा मोजपट्टी आणि थोडा विचार हीच अधिक उपयोगी पडतात.