दंतमूलगत रोग आणि व्याधिक्षमत्व : रक्षक पेशींची दुहेरी भूमिका
हिरड्यांच्या विकाराचा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा दात हलू लागल्यावर. तत्पूर्वी कित्येक वर्षे थुंकीतून रक्त जात असते; परंतु वेदना नसल्यामुळे त्याची दखल घेतली जात नाही. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या शहरात, जेथे पाळीच्या कामात तंबाखूचा बार भरणे अंगवळणी पडले आहे आणि अनेक घरांत आजही मशेरी लावली जाते, तेथे या व्याधीचा विचार अधिक गांभीर्याने व्हावयास हवा.

शास्त्रोक्त वर्णन

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात १५ दंतमूलगत रोग सांगितले आहेत. शीतादात अकस्मात रक्तस्राव, दुर्गंधी व हिरड्यांचे मृदुत्व. दंतवेष्टात पूय व रक्ताचा स्राव आणि दातांची चलता. तर उपकुशात दाह व पाक ही लक्षणे येतात. या तिन्हींत रक्तदुष्टी आहे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

आधुनिक संशोधन

१९६५ मध्ये डेन्मार्कमधील हाराल्ड लो व सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. सुमारे तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच पूर्ववत झाल्या. जंतूंचा थर हे मूळ कारण त्यामुळे सिद्ध झाले. पुढे १९७६ मध्ये पेज व श्रोडर यांनी ऊतींतील बदलांचे टप्पे मांडले. प्रथम न्यूट्रोफिल पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून दात व हिरडी यांमधील फटीत जमतात. काही दिवसांत लिम्फोसाइट व मॅक्रोफेज येतात. थर तसाच राहिल्यास प्रतिद्रव्ये निर्माण करणाऱ्या प्लाझ्मा पेशींचे प्राबल्य होते.

येथपर्यंत हानी भरून येऊ शकते. पुढील टप्प्यात मात्र रक्षकच भक्षक होतात. न्यूट्रोफिलांतून स्रवणारी विकरे जंतूंबरोबर हिरडीचे तंतूही विरघळवितात. उद्दीपित टी व बी लिम्फोसाइट ‘रँकएल’ नावाचे प्रथिन निर्माण करतात. त्यामुळे अस्थी झिजविणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी परिपक्व होतात आणि दाताभोवतीचे हाड खचते. हे हाड आपोआप परत येत नाही.

याउलट एका दुर्मीळ जन्मजात विकारात न्यूट्रोफिल रक्तवाहिनीबाहेर पडूच शकत नाहीत. अशा बालकांतही दातांभोवतीचे हाड लवकर नष्ट होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, त्यामागे इंटरल्यूकिन-१७ या संदेशवाहक द्रव्याचा अतिरेक असल्याचे दिसून आले. म्हणजे पेशींचा अभाव व अतियोग हे दोन्ही घातक. आरोग्य साम्यातच आहे. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ म्हणून सरसकट औषध देणे हे या व्याधीचे उत्तर नव्हे. निदानपरिवर्जन हीच पहिली पायरी.

चिकित्सेविषयी

दातांवर दगडासारखा जमलेला थर कोणत्याही मंजनाने निघत नाही. सुश्रुतांनी दंतशर्करा हिरडीला इजा न करता शस्त्राने काढावी असेच सांगितले आहे व त्यासाठी दंतशंकू वर्णिला आहे. तेव्हा रुग्णास दंतवैद्याकडे दात साफ करण्यास पाठविणे हे आपल्या शास्त्राशी सुसंगतच आहे. त्यानंतर शीतादात शुंठी, सर्षप, त्रिफळा व मुस्ता यांच्या काढ्याचा रसांजनयुक्त गंडूष, तर दंतवेष्टात लोध्र, पतंग, यष्टिमधु व लाक्षा यांच्या चूर्णाचे मधासह प्रतिसारण योजावे.

प्रमेही रुग्णात विशेष दक्षता हवी. अनियंत्रित रक्तशर्करेमुळे हिरड्यांचा शोथ बळावतो आणि हा शोथ शर्करा नियंत्रणात अडथळा आणतो. हिरड्या वारंवार सुजत असतील तर रक्तशर्करा तपासून घ्यावी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत रक्तस्राव कमी दिसतो. म्हणून रक्त येत नाही एवढ्यावरून हिरडी निरोगी मानू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

१९९२ मध्ये केंद्र शासनाने दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी घातली. तरीही तंबाखूची मशेरी ‘दात घट्ट करणारी’ म्हणून आजही वापरली जाते. घटकद्रव्ये न छापलेले मंजन दुकानात ठेवू नये. हिरड्यांतून रक्त येते म्हणून तेच ग्राहक वारंवार मंजन नेत असतील, तर त्यांना तपासणीचा सल्ला द्यावा. दात हलण्यापूर्वी रुग्ण वैद्यापर्यंत पोहोचला तरच त्याचे हाड वाचते. आणि त्याची पहिली गाठ बहुधा औषधाच्या दुकानातच पडते.