‘झोपला की उतरेल’

आपल्या मराठी डॉक्टर मंडळींपैकी काहींची मुले आता बारावीनंतरच अमेरिकेस शिकावयास जातात. जाण्यापूर्वी लशींची नोंदवही पुरी करून घेण्यासाठी ती वडोदऱ्यातील माझ्या दवाखान्यात येतात. पालकांशी तेव्हा मी मेनिंजायटिसच्या लशीबरोबर आणखी एका विषयावर बोलतो, तो म्हणजे फ्रॅटर्निटी.

ग्रीक अक्षरांच्या नावाने चालणारी ही विद्यार्थ्यांची बंधुमंडळे. पुष्कळांचे स्वतःचे घर असते, जुन्या सभासदांच्या ओळखी नोकरीत उपयोगी पडतात आणि एकट्या पडलेल्या मुलास माणसे मिळतात. हे आकर्षण खोटे नाही. मात्र प्रवेशापूर्वी उमेदवाराचा जो छळ होतो त्यास हेझिंग म्हणतात. आपल्या पिढीने वसतिगृहात रॅगिंग पाहिले आहे; पण रॅगिंगपासून मुलगा पळू पाहतो, हेझिंगला तो आपण होऊन सामोरा जातो. त्यामुळे घरी काही कळत नाही.

२ फेब्रुवारी २०१७ रोजी पेन स्टेट विद्यापीठातील ‘बीटा थीटा पाय’च्या घरात टिमथी पियाझा या १९ वर्षांच्या मुलास दीड तासाच्या आत १८ पेये पाजली गेली. तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. मुलांनी त्याला कोचावर निजविले. उताणा होऊ नये म्हणून पाठीस पुस्तकांची पिशवी बांधली. म्हणजे धोका त्यांना कळत होता! रुग्णवाहिका बोलाविली ती सुमारे बारा तासांनी. प्लीहा फाटली होती, कवटीस इजा होती. ४ फेब्रुवारीस तो गेला.

‘झोपला की उतरेल’ हा समज आपल्याकडेही सुशिक्षितांत आढळतो. शुद्ध हरपल्यावरही जठरातील मद्य रक्तात मिसळतच राहते, म्हणून झोपलेल्याची पातळी आणखी चढू शकते. घशाची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, उलटी श्वासमार्गात जाते. शिवाय नशेच्या आड डोक्याची इजा लपते. हाकेस ओ नसणे, मिनिटास आठांहून कमी श्वास, थंड निळसर त्वचा: यांतील एकही लक्षण दिसल्यास रुग्णाला कुशीवर वळवून ९११ला फोन करावयाचा. डोक्याला मार असेल तर मान जपून.

‘आशियाई मुलांचे मंडळ आहे, तिथे काळजी नाही,’ असे एका पित्याने मला सांगितले. डिसेंबर २०१३ मध्ये ‘पाय डेल्टा साय’ या आशियाई-अमेरिकन मंडळाने एका उमेदवारास डोळे बांधून, पाठीवर जड ओझे देऊन वारंवार पाडले. तो बेशुद्ध झाल्यावर सभासदांनी आधी इंटरनेटवर लक्षणे शोधली. तो वाचला नाही. २०१८ मध्ये न्यायालयाने त्या मंडळास पेन्सिल्व्हेनियात दहा वर्षांची बंदी घातली.

डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्यान्वये तेथील महाविद्यालयांना हेझिंगच्या सिद्ध प्रकरणांचा अहवाल मंडळाच्या नावानिशी संकेतस्थळावर द्यावा लागतो. प्रवेशापूर्वी तो वाचावा. नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. दडविलेले प्रकरण अहवालात येत नाही. माझ्या मते खरी परीक्षा मुलानेच घ्यावी. ‘कोणी बेशुद्ध पडला तर फोन कोण करतो?’ असे सभासदांना विचारावे. उत्तर हसण्यावारी गेले, किंवा फोन काढून घेण्याची, ‘घरी सांगू नकोस’ अशी शपथ घेण्याची प्रथा असली, तर ते घर सोडावे. दारू प्यालेल्या मित्रासाठी मदत मागणाऱ्या अल्पवयीनास अनेक राज्यांत मद्यपानाच्या गुन्ह्यापासून संरक्षण आहे. आपल्या राज्यातला नियम मुलाने विमानात बसण्यापूर्वीच पाहून ठेवावा.