एक सिंफनी, अनेक ध्वनिमुद्रिका

एकच बंदिश दोन घराण्यांच्या गायकांनी गाइली, तर तिची दोन रूपे होतात, हे आपल्या रसिकांस सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य सिंफनीत मात्र प्रत्येक स्वर रचनाकाराने लिहून ठेवलेला असतो. तेव्हा ध्वनिमुद्रिका कोणतीही घेतली तरी चालेल, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही.

बेथोव्हेनची पाचवी सिंफनी घेऊ. १८०८ साली व्हिएन्नात प्रथम सादर झालेल्या या कृतीचा आरंभ तीन ऱ्हस्व व एक दीर्घ अशा चार स्वरांनी होतो. तो दीर्घ स्वर किती काळ धरावा, हे बेथोव्हेनने संचालकावर सोपविले. लयीचा आकडा मात्र त्याने १८१७ साली दिला. पहिल्या भागात मिनिटास १०८ ठोके! हा वेग पुष्कळ संचालकांना मानवला नाही. निवडीचा प्रश्न येथूनच उद्भवतो.

आर्थर निकिशची १९१३ ची मुद्रिका ऐतिहासिक मोलाची खरी. परंतु त्या काळी मायक्रोफोन नव्हता, ध्वनी कर्ण्यातून टिपला जाई. नवागताने तिच्यापासून आरंभ करू नये. तोस्कानिनीच्या १९५२ च्या वादनात लय ताठ व वेगवान आहे. फुर्टव्हेंग्लरच्या मे १९४७ च्या बर्लिन मैफलीत ती श्वासासारखी सैल आणि घट्ट होत जाते. युद्धोत्तर बंदीनंतर तो तेथे प्रथमच उभा राहिला होता. तोस्कानिनीने फॅसिस्टांशी उघड वैर पत्करले. फुर्टव्हेंग्लर नाझी जर्मनीतच राहिला. हा इतिहास विसरू नये. पण केवळ त्यावरून स्वरांचा निवाडाही करू नये.

मग परीक्षा कशाची करावी? तिसऱ्या भागाच्या अखेरीस सारा वाद्यवृंद दबतो, नगाऱ्याचे मंद ठोके तेवढे उरतात, आणि त्या अंधारातून अंतिम भाग उजळून निघतो. ट्रॉम्बोन येथेच प्रथम वाजतात. हे स्थित्यंतर ऐकताना आपला श्वास रोखला जातो काय, एवढे पाहावे.

माझ्या मते प्रथम कार्लोस क्लायबरने १९७४ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह केलेली मुद्रिका घ्यावी. तीत वेग आणि सुस्पष्टता यांचा मेळ आहे. नंतर फुर्टव्हेंग्लर ऐकावा. जुन्या घडणीच्या वाद्यांचा नाद हवा असेल, तर गार्डिनरची १९९४ ची मुद्रिका आहे. दोन मुद्रिका लागोपाठ ऐकल्या, म्हणजे स्वरलेखन तेच असूनही त्याचा अर्थ लावावा लागतो, हे आपोआप उमगते.