पाणी उंबऱ्याला लागण्याआधी

बदलापुरात नुसती रिमझिम असते आणि उल्हास नदी मात्र घाटाच्या पायऱ्या गिळत असते. तिचे पाणी खंडाळा-कर्जतच्या डोंगरांतून येते; तिकडे रात्रभर कोसळले, की इकडे सकाळी कळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सर्वांना पाठ आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, तेही साऱ्या देशाने पाहिले. काठावरच्या तळमजल्यांकडे कॅमेरा सहसा वळत नाही.

घर सोडायचे म्हटले, की आपल्याकडे गाद्या आणि टीव्ही आधी माळ्यावर चढतात. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, माझी नजर कागदांवर जाते. भिजून एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नोटा बँकेच्या शाखेत नाही, तरी रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात बदलून मिळू शकतात (फक्त त्या घरी ओढून सोडवू नयेत). नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. पण उल्हासनगर वसले ते फाळणीनंतर सिंधमधली घरे टाकून आलेल्या निर्वासितांच्या छावणीवर. तिथे कुणाकडे सनद आहे, कुणाकडे नुसती भाडेपावती. अंबरनाथहून खाली येणाऱ्या वालधुनीच्या काठी तर कित्येकांचा पुरावा म्हणजे विजेची जुनी बिले आणि कराच्या पावत्या. ती पिशवी भिजली, की माणूस स्वतःच्याच घरात उपरा. जूनच्या आरंभीच ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी. लॉकरवरही फार विसंबू नये. बँकेचा हलगर्जीपणा नसेल, तर पुराने झालेल्या नुकसानीला ती जबाबदार नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांतच आहे. तळघरातल्या लॉकरचे तर बोलायलाच नको!

बाकीचे काम अर्ध्या तासाचे. पाणी पुष्कळदा दाराआधी मोरीतून आणि कमोडमधून उलटे चढते. तिथे वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधावा, नाहीतर तो घरभर तरंगत फिरतो. मेन स्विच पाय कोरडे असतानाच बंद करावा.

खरी अडचण पुढेच आहे. चोरीच्या धास्तीने घरात एकाला राखणीला ठेवतात, आणि तेही बहुधा म्हाताऱ्या माणसाला. मला हे मुळीच पटत नाही. दुपारी चारला आजी कठड्याला धरून स्वतः जिना चढतात. रात्री दोनला, वीज गेल्यावर, त्यांना खुर्चीसकट उचलायला चार माणसे लागतात आणि ती चौघेही आपापल्या घरात अडकलेली असतात. कुलूप लावावे, किल्ली वरच्या मजल्यावर द्यावी आणि निघावे.

परतल्यावर वायरमनने पाहिल्याखेरीज दिवा लावू नये. आणि भिंती धुण्याआधी पाण्याच्या रेषेचा फोटो काढावा. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत घरच्यांनी चिखल उपसून सगळे लख्ख केलेले असते. मग तो दारात उभा राहून विचारतो, ‘‘पाणी नेमके आले होते कुठवर?’’