ऑफर लेटर म्हणजे व्हिसा नव्हे

हातात लंडनचे ऑफर लेटर, शिष्यवृत्तीच्या निवड यादीत नाव, तरीही विमान चुकण्याची वेळ. आमच्या वस्तीतल्या एका मुलीवर ही वेळ आली ती आडनावामुळे. वडिलांनी जुने आडनाव बदलले होते. सनद आणि जात प्रमाणपत्र नव्या आडनावाचे, पासपोर्ट मात्र जुन्या. राजपत्र आणि पासपोर्टची दुरुस्ती यात दोन महिने गेले.

राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 75 जागा आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही आहे. पण निवड झाली की काम संपत नाही. ब्रिटनचे उदाहरण घेऊन पुढची वाट समजून घेऊ.

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठ सीएएस क्रमांक देते. त्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरता येत नाही. सीएएस, पासपोर्ट आणि शिष्यवृत्तीचे पत्र, तिन्हींवर नाव अक्षरशः सारखे हवे. अर्ज कोर्स सुरू होण्याच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात.

भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्यांना टीबीची तपासणी सक्तीची आहे. ती ब्रिटनने मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते. आपल्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालत नाही.

आता सर्वांत मोठी भीती: "खात्यात एवढे पैसे कुठून दाखवायचे?" स्वखर्चाने जाणाऱ्याला फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग 28 दिवस खात्यात दाखवावी लागते. पण सरकार पूर्ण फी आणि राहण्याचा खर्च उचलत असेल, तर सरकारचे अधिकृत पत्र हाच पुरावा असतो. त्यात तुमचे नाव, पत्राची तारीख, देणाऱ्या कार्यालयाचा संपर्क, शिष्यवृत्तीचा कालावधी आणि रक्कम स्पष्ट असावी. पत्र हातात पडताच तिथेच वाचा. एखादी गोष्ट राहिली असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती मागा.

हे माहीत नसल्यामुळेच काही एजंट "बॅलन्स दाखवून देतो" म्हणत गरीब घरांकडून व्याजासकट पैसे उकळतात. कागद खोटा निघाला तर व्हिसा तर जातोच, शिवाय दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचे दार बंद होऊ शकते.

तरीही थोडी रोकड जवळ लागते. विद्यार्थ्यांचा आरोग्य अधिभार फेब्रुवारी 2024 पासून वर्षाला 776 पाउंड आहे. एक वर्षाच्या एम.ए.साठी व्हिसा थोडा जास्त काळाचा मिळतो, म्हणून साधारण 1,164 पाउंड अर्ज करतानाच भरावे लागतात. व्हिसाची फी वेगळी. शासनाचे पैसे नंतर येतात, आधी खिशातून जातात. म्हणून घरात याची चर्चा निवड यादी लागण्याआधीच करा.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले होते. पैसे जमवून ते 1920 मध्ये पुन्हा गेले. आपल्यापुढची अडचण त्या मानाने लहान आहे, पण तयारी नसेल तर वर्ष वाया जाते.

म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षातच पासपोर्ट काढा आणि सनद, आधार, जात प्रमाणपत्र शेजारी ठेवून नाव ताडून पाहा. आणि जे जाऊन आलेत त्यांना विनंती, आपल्या विहारात एक रविवार द्या. तुमची जुनी फाईल पुढच्या मुलाला एजंटपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

जय भीम.