ग्रह जिंकायचाय? आधी सभासद बखर उघडा

अंतराळातल्या स्ट्रॅटेजी गेममध्ये ग्रह ताब्यात घ्यायला नुसती जहाजं पुरत नाहीत, पायदळ खाली उतरवावं लागतं. ‘स्टेलारिस’मध्येही तसंच. पण हे सैन्य बटण दाबलं की मिळतं, त्याला आतून रचनाच नसते!

ती रचना हवी असेल, तर कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवकालीन पायदळाची उतरंड आहे. नऊ पाईक, दहावा नाईक. ५ नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, १० जुमलेदारांवर हजारी. दोन हवालदार धरून गुणाकार करा, बरोबर १००० भरतात.

मला सगळ्यात आवडतो तो घोडदळाचा तपशील. २५ घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. म्हणजे पाणी आणि दुरुस्ती तुकडीतच. गेममध्ये इथे ऑक्सिजनवाला आणि चिलखताचा मेकॅनिक बसवा. भरतीचेही दोन प्रकार तयारच आहेत: बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. पहिला खजिन्याला महाग, पण हुकमात राहणारा.

आणि जहाजांचं म्हणाल, तर मी भिवंडीच्या निजामपुऱ्यातून लिहितोय. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि आरमाराची उभारणी आमच्याच खाडीकाठी सुरू झाली. गेम बनवणाऱ्या मित्रांनो, तुमच्या तुकडीचा नाईक किती जणांवर असेल, ते कॉमेंटमध्ये नक्की लिहा.