पाल्याची रात्र

बर्फ आमच्या तिलवाऱ्यास कधी पडत नाही. परंतु पौष-माघातील एखाद्या निरभ्र, निर्वात रात्री नर्मदाकाठच्या बागांवर जे संकट उतरते, त्याला इकडील मंडळी 'पाला' म्हणतात, आणि पालापाचोळा एवढाच अर्थ ठाऊक असलेला नवखा मराठी माणूस क्षणभर बुचकळ्यात पडतो. हा पाला म्हणजे दहिवर. आकाशास ढगांचे आच्छादन नसले म्हणजे भूमीची उष्णता अनिर्बंध निघून जाते, जड झालेली थंड हवा सखल वाफ्यांत साचते, आणि हवेचा पारा 3-4 अंशांवर असतानाही गवताच्या पात्यांवर पांढरी साय धरते. पेशींबाहेरील पाणी गोठू लागले की ते आतील पाणी ओढून घेते. म्हणून पहाटे ताठ दिसलेला झेंडू ऊन वर येताच उकडलेल्या भाजीसारखा काळवंडून लोळतो, आंब्याचा लवकर आलेला मोहोर करपतो, पॅन्सी मात्र मान टाकून पुन्हा उभी राहते. याउलट शीत मुलखांतील खरा हिमवर्षाव, आपल्या थरात हवा कोंडून धरीत असल्यामुळे, जमिनीलगतच्या कोवळ्या अंकुरांस दुलईप्रमाणे सांभाळतो. माझ्या मते दोहोंत निष्ठुर आमचा पालाच. तजवीज साधी आहे: दिवस असतानाच पाणी द्यावे, कारण ओली माती ऊब अधिक साठवते, कुंड्या भिंतीलगत सरकवाव्यात, काठ्या रोवून त्यांवर जुने धोतर पसरावे व सकाळी काढावे. करपलेल्या फांद्या मात्र थंडी पुरती सरेपर्यंत छाटू नका.